कासवाचं पाणी

कासव मला कधीच आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, म्हातारा जनावराला फार जीव लावून होता. तसं काही नव्हतं. जीव बायकोचा होता. मी त्याला दगड म्हणायचो.

तेरा वर्षं झाली असतील. मला रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिले होते. बायको कुणाकडे तरी हळदीकुंकवाला गेली होती, तिथे तिला कुणीतरी सांगितलं की घरात उत्तरेला कासव ठेवावं, बरं असतं. सांगणारीच्या मनात पितळेचं कासव होतं, काचेच्या वाडग्यात पाणी घालून ठेवतात ते. आमची बाई माशांच्या दुकानात गेली आणि जिवंत घेऊन आली. मी सातपूरला कारखान्यात लेथवर होतो. पहिली पाळी करून घरी आलो तर ही ओट्यापाशी उभी, आणि वाडग्यात चहाच्या बशीएवढंही नसलेलं हिरवंगार पिल्लू. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"हे काय आणलंस?"

"कासव."

"पितळेचं सांगितलं होतं ना?"

"पितळेला भूक तरी लागते का? मग ठेवून काय करायचं?"

मी हातातला डबा ओट्यावर ठेवला.

"आणि हे बघा," ती म्हणाली, "कानापाशी लाल पट्टा आहे. दुकानात ही एवढी एकच उरली होती. माझीच वाट बघत होती. जन्माला येतानाच कुंकू लावून आलीय."

तेव्हापासून ते कासव 'ती' झालं. पुढे जनावरांच्या डॉक्टरनेही सांगितलं की मादीच आहे, तेव्हा बायको आठ दिवस माझ्याकडे बघून हसत होती.

वाडगं पुरेना म्हणून घमेलं आणलं, घमेलं पुरेना म्हणून निळा टब आणला. टब गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत. त्यात दोन विटा, त्यावर चढून ती उन्हाला बसायची. पाठ जेवणाच्या ताटाएवढी झाली. बायको दर शुक्रवारी तिच्या पाठीला हळदकुंकू लावायची आणि ते दहा मिनिटांत पाण्यात जायचं. डॉक्टर म्हणाला, असलं काही लावू नका, कातडीला त्रास होतो. तेव्हा बंद केलं. "तिचं तिला आहेच," म्हणाली.

आमच्या घरात आयुष्यात कधी अंडं शिजलं नाही. बायकोला वासही चालायचा नाही. मला खायचं असलं तर मी कारखान्याच्या गेटबाहेर खाऊन, तोंड धुऊन घरी यायचो. तीच बाई या कासवासाठी बाजारातून सुकट आणायची. पदर नाकाला लावायची आणि डाव्या हाताने चिमूट टाकायची. टाकायच्या आधी टबाच्या कडेवर चमच्याने तीनदा वाजवायची. ठक ठक ठक. दगड लगेच मान वर काढायचा.

मी म्हणायचो, "एवढ्या वर्षांच्या संसारात मला कधी असं वाजवून जेवायला बोलावलं नाहीस."

"तुम्हाला बोलवायला लागतं कुठे? तुम्ही आधीच ताटावर बसलेले असता."

टबाचं पाणी दर दोन दिवसांनी बदलायला लागायचं. नाहीतर हिरवं होतं, वास मारतो. ते काम तिचं. मी कधी बादली उचलली नाही. पाठ दुखते, हे माझं कायमचं उत्तर.

गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता बायको आजारी पडली. पोटाचं दुखणं. कळलं तोवर उशीर झाला होता, डॉक्टर लोकांनी उघडून पुन्हा शिवलं. सतरा दिवस दवाखान्यात होती. मी रोज डबा घेऊन जायचो आणि ती रोज विचारायची, "पाणी बदललं का?"

मी म्हणायचो, "हो."

बदललं नव्हतं. एकदाही नाही. सुकट टाकून यायचो, तीही आठवण झाली तर. टबाचं पाणी चिखलासारखं झालं होतं. मला तेव्हा गच्चीवर जायचीच इच्छा होत नव्हती, घरात पाऊल टाकायची इच्छा होत नव्हती. पण हे तिला कसं सांगणार. सतराव्या दिवशी तिने विचारलं नाही, डोळे मिटलेले होते. मी आपणहून सांगितलं, "पाणी बदललंय गं." ऐकलं की नाही माहीत नाही. संध्याकाळी गेली. बायकोशी बोललेला माझा शेवटचा शब्द खोटा आहे.

मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. इंजिनिअर झाला, तिकडेच नोकरी, तिकडेच संसार, चार वर्षांची नात आहे. त्याला अंत्यविधीला पोचता आलं नाही, दहाव्याला होता. त्या दिवशी जे झालं त्याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे, म्हणून नीट सांगतो.

रामकुंडावर पिंड ठेवले. शेजारी तिच्या आवडीची कांदाभजी ठेवली. कावळे समोरच्या पत्र्यावर रांगेने बसलेले, पण एक खाली येईना. आमच्यात असं मानतात की गेलेल्या माणसाचं काहीतरी मागे अडकलेलं असलं की कावळा शिवत नाही. मग एकेकाने पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि मोठ्याने सांगायचं, तुझं अमुक आम्ही बघू, काळजी करू नकोस. तिचा धाकटा भाऊ, चांदवडकडे शेती करतो, तो पुढे झाला. म्हणाला, "ताई, माहेरचं दार बंद होणार नाही. दाजींना दर दिवाळीला नेईन." कावळा हलला नाही. मग माझा मुलगा. तो असल्या गोष्टी मानत नाही, पण रडत रडत पुढे गेला. "आई, बाबांना एकटं ठेवणार नाही. माझ्याकडे घेऊन जाईन." सगळ्या बायका डोळे पुसायला लागल्या. कावळे तिथेच. दहा मिनिटं गेली. गुरुजींकडे पुढची माणसं खोळंबलेली. ते म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून लावू या."

तेव्हा मला कळलं काय अडकलंय. मला एकट्यालाच ते माहीत होतं.

मी पुढे झालो. चार माणसांत, भावकीत, मोठ्याने बोललो, "मी खोटं बोललो. पाणी बदललं नव्हतं. एकदाही बदललं नव्हतं. आता बदलीन. तुझं कासव मी मरेपर्यंत सांभाळीन."

कुणीतरी मागे हसलं. कुणीतरी "कासव?" असं विचारलं. मी हात जोडून मागे सरकलो आणि पत्र्यावरून एक कावळा उतरला, सरळ पिंडावर. भज्याला नाही, पिंडाला चोच लावली.

त्या दिवसापासून मी पाणी बदलायला लागलो. दोन दिवसांनी नाही, रोज. खालून बादल्या भरून न्यायच्या, टब तिरका करायचा, घासायचा, भरायचा. पाठ दुखायची, दुखू दे म्हटलं. चमचा तीनदा वाजवायचा. पहिले आठ-दहा दिवस तिने मान काढली नाही. मग एकदा काढली. माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत घेतली. तिला म्हणायचं असेल, तू नाहीस ती.

बोलायचो मी तिच्याशी. घरात दुसरं कोण होतं? मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा, पण त्यात नात मला तिची चित्रं दाखवायची आणि मी छान छान म्हणायचो. बोलणं म्हणजे काय ते गच्चीवर व्हायचं. आज भाजी खारट झाली. आज पेन्शनच्या ऑफिसात उभं केलं. आज तिच्या कपाटातला वास कमी झालाय. ती विटेवर पाय पसरून ऊन खायची. उत्तर देत नव्हती, पण उठूनही जात नव्हती.

थंडीत व्हिसा आला. पाच वर्षांचा. अर्ज दोघांचा एकदमच भरला होता, तिच्या तपासण्या व्हायच्या आधीच ती गेली, म्हणून एकट्याचा आला. मुलगा म्हणाला, वर्षश्राद्धाला मी येतो आणि तुम्हाला घेऊनच परत जातो.

मी विचारलं, "कासवाचं काय?"

बघतो म्हणाला. दोन दिवसांनी फोन आला. "बाबा, मी चौकशी केली. या जातीचं कासव इकडे आणता येत नाही. पाळणंच गुन्हा आहे. सापडलं तर जप्त करतात."

"ते काय करतंय कुणाचं?"

"नदीनाल्यात सुटलं तर इथली कासवं संपवतं म्हणतात."

"मग मी येत नाही."

"बाबा, कासवासाठी?"

"कासवासाठी नाही. तुझ्या आईला शब्द दिलाय. कावळा शिवलाय त्याच्यावर."

"कावळा माझ्या शब्दावर शिवला."

"तू बोलल्यावर दहा मिनिटं तो हललाही नव्हता."

"विचार करत असेल."

"कावळा?"

"आई," तो म्हणाला.

फोन चालूच होता. त्याच्याकडे मागे नात कसलं तरी गाणं म्हणत होती.

आता बघा. दोन शब्द दिलेले, एकाच पिंडासमोर. त्याचा पाळायचा तर माझा मोडतो, माझा पाळायचा तर त्याचा. आणि कावळा नेमका कशासाठी उतरला हे सांगणारं माणूस गेलेलं. मुलगा रोज फोन करायचा. रागावून नाही. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "बाबा, तुम्ही एकटे बाथरूममध्ये पडलात तर मला किती दिवसांनी कळेल?" असं विचारायचा. एकदा खरोखर पडलोही होतो, त्याला सांगितलं नाही.

चांदवडच्या मेव्हण्याने ऐकलं तेव्हा त्याला यात अडचणच दिसली नाही. "दाजी, एवढंच ना? आमच्या शेततळ्यात सोडा. पाणीच पाणी. तुमच्या टबात अंघोळ करतं, इथं पोहंल. अन् ताईच्या माहेरी राहील, अजून काय पाहिजे?"

मला पटलं. खरं सांगायचं तर फार लवकर पटलं. माहेरी राहील म्हटल्यावर शब्द मोडला असंही नाही. प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये ओलं पोतं घातलं, त्यात तिला ठेवलं आणि एसटीत बसलो.

कंडक्टर म्हणाला, "बाबा, काय आहे त्यात?"

"कासव."

"हाफ लागंल का फुल?"

"तेरा वर्षांचं आहे."

"मग फुल," म्हणाला आणि हसत पुढे गेला. शेजारच्या म्हातारीने मात्र कॅरेटला हात लावून कपाळाला लावला. देवळात दारात कासव असतं, तसं तिला वाटलं असेल. पिंपळगाव येईपर्यंत तिने तिच्या सुनांबद्दल सगळं त्या कासवाला सांगितलं.

शेततळं ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगतो. जमिनीत मोठा चौकोनी खड्डा खणतात आणि त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात, पाणी मुरू नये म्हणून. चारी बाजू उतरत्या, काळ्या, गुळगुळीत. मेव्हण्याचा उन्हाळ कांदा सगळा त्या पाण्यावर. मी काठावर बसून तिला खाली सोडलं. ती घसरत गेली, पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. मागे वळून बघितलं नाही. मला हलकं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मेव्हण्याकडे पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली.

पाचव्या दिवशी त्याचा फोन. "दाजी, ते चढायला बघतंय."

"म्हणजे?"

"उन्हाच्या कडेला येतं. हातभर चढतं, अन् घसरतं. परत चढतं. सकाळपासून तेच चाललंय. कालबी तेच." मग म्हणाला, "दाजी, राग मानू नका. त्याची नखं लय लांब हाईत. कागद फाटला तर पाणी जाईल. कांदा अजून उभाय माझा."

त्याचं काय चुकलं? काही नाही. चूक माझी. तिला बसायला वीट लागते, कोरडं व्हायला लागतं, हे मला माहीत होतं. रोज बघत होतो. तरी एवढं पाणी बघितलं आणि विसरलो.

गेलो. ती दिसली. त्या काळ्या कागदावर पुढचे पाय रोवून वर यायची. वर वर यायची, मान पुढे ताणायची, आणि मग नखं निसटायची आणि ती पाठीवर उलटी होऊन खाली जायची. पाण्यात सरळ व्हायची. पुन्हा यायची. मी काठावर, ती आठ-दहा हातांवर. मला खाली उतरता येत नव्हतं, उतरलो असतो तर मीही वर आलो नसतो. दोरी बांधून कॅरेट सोडलं. ती त्याच्याजवळ येईना. तास गेला. मेव्हणा म्हणाला, जाळं आणतो. तेव्हा मला आठवलं. खिशात चमचा नव्हता, मग घराची किल्ली काढली आणि काठावरच्या लोखंडी पाइपवर तीनदा वाजवली. ठक ठक ठक. तिने मान फिरवली. सरळ पोहत आली आणि कॅरेटमध्ये शिरली.

मेव्हणा म्हणाला, "ओळखतं की तुम्हाला!"

मी कॅरेटची दोरी ओढायला लागलो. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

परत आल्यावर मी रामकुंडावर गेलो. ज्या गुरुजींनी दहावा केला होता ते सापडले, धोतर खोचून पुढच्या पिंडांची तयारी करत होते. मी विचारलं, "गुरुजी, पिंडासमोर दिलेला शब्द दुसऱ्याला देता येतो का?"

त्यांनी मला ओळखलं. "कासववाले आजोबा ना?" म्हणाले. सगळं ऐकून घेतलं. मग हातातलं काम न थांबवता म्हणाले, "आजोबा, खरं सांगू? त्या दिवशी सकाळपासून इथे रांग होती. कावळ्यांची पोटं भरलेली. तुमच्या वेळेपर्यंत त्यातल्या एकाला पुन्हा भूक लागली. एवढंच."

"मग माणसांना बोलायला का लावता?"

"माणसांना बोलायचं असतं."

"आणि शब्द मोडला तर?"

"प्रायश्चित्त आहे. सांगतो काय करायचं ते."

"ते केलं की तिला कळतं का?"

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी "गुरुजी" अशी हाक मारली. "आलो, आलो," म्हणत ते गेले. मी थोडा वेळ थांबलो. पत्र्यावर कावळे होते. सगळे सारखे.

मग मी माणसं विचारून बघितली. गल्लीतल्या एका बाईंनी हो म्हटलं, पण त्यांच्या घरी कुत्रा. दुसरा एक म्हणाला, गोदावरीत सोडून द्या, पुण्य लागेल. मीही तेच करणार होतो. आधी जनावरांच्या डॉक्टरला विचारलं हे बरं झालं. तो म्हणाला, हे आपल्याकडचं नाही, अमेरिकेकडचं आहे. नदीत सोडलं की आपल्या कासवांच्या तोंडचं खातं. असं करू नका.

"म्हणजे हे आधीच परदेशातून आलंय?" मी विचारलं.

"हो."

"येताना कुणी अडवलं नाही?"

डॉक्टर हसला. मी विचारलं, किती वर्षं जगतं. म्हणाला, नीट ठेवलं तर अजून वीस वर्षं सहज. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की मी इथे राहिलो तरी शब्द पुरा होत नाही. मरेपर्यंत सांभाळीन म्हणालो, ते माझ्या मरेपर्यंत. तिच्या नाही. माझ्यानंतर गच्चीवर हिरवं पाणी आणि ती.

डॉक्टरनेच पत्ता दिला. इगतपुरीच्या रस्त्याला एका बाईंनी टाकून दिलेल्या जनावरांसाठी जागा केलीय. स्वच्छ आहे. सिमेंटचा मोठा हौद, मध्ये दगडांचं बेट, वर अर्ध्या भागात सावलीची जाळी. मी पुरतं फिरून बघितलं, दोष काढायला म्हणून बघितलं, सापडला नाही. हौदात कासवं होती. पन्नास-साठ तरी असतील. सगळी हीच.

"एवढी?" मी विचारलं.

"लोक लहान असताना आणतात, काका. मग मोठी होतात," बाई म्हणाल्या. "कुणी घर बदलतं, कुणाची मुलं शिकायला जातात."

त्यांनी फॉर्म काढला. नाव, पत्ता, जनावराचं वय. देण्याच्या कारणापाशी त्यांनी लिहिलं, परदेशी जाणे.

मी म्हणालो, "तसं लिहू नका. मी जात नाहीये. मला नेतायत."

"काका, रकाना एवढाच आहे."

सही केली. मग कॅरेट उचलून हौदापाशी गेलो. मी म्हटलं, "पाठीवर काही खूण करता येईल का? थोडा रंग?" बाई म्हणाल्या, रंग चांगला नसतो त्यांना. मी म्हटलं, बरोबर आहे, आमच्याही डॉक्टरने सांगितलं होतं. खूण कशाला हवी, असंही मनात आलं. तेरा वर्षं बघतोय, लाल पट्ट्यावरून ओळखीन.

तिला पाण्यात ठेवलं. ती दोन हात पोहली आणि बेटाकडे वळली. तिथे दहा-बारा जणी उन्हाला बसल्या होत्या, एकीच्या पाठीवर दुसरी. माझी हरवायला नको म्हणून मी डोळा न हलवता बघत होतो. एकीने मान वर केली, कानापाशी लाल पट्टा. दुसरीने केली, लाल पट्टा. मग मी नीट बघितलं. सगळ्यांना होता. हौदात जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या कुंकू लावून आलेल्या.

आमच्या बाईला हे कधी कळलंच नाही. दुकानात ती एकच उरली होती ना.

मी बाईंना म्हटलं, एक मिनिट. या वेळी चमचा घरून आणला होता. हौदाच्या कडेवर तीनदा वाजवला. ठक ठक ठक. आणि पाणी नुसतं हललं. सगळ्यांनी माना वर काढल्या, सगळ्या माझ्याकडे यायला लागल्या, तोंडं उघडी टाकून. इथेही कुणीतरी असंच काहीतरी वाजवून खायला देत असणार. कोणती माझी ते कळेना. मी सुकटीची पुडी सगळी रिकामी केली. सगळ्यांना टाकली. कुणाला तरी पोचली असेल.

त्यानंतर दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा बाईंनी चहा दिला, आणि दोन्ही वेळा मी हौदापाशी बसून साठ कासवांकडे बघून आलो.

मुलगा गेल्या आठवड्यात आला. आल्या आल्या गच्चीवर गेला, रिकामा टब बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला माहितीय, बाबा," म्हणाला. त्याला काय माहीत आहे ते मी विचारलं नाही. चांगला मुलगा आहे. माझ्यासाठी जाड मोजे घेऊन आलाय.

परवा वर्षश्राद्ध झालं. घरीच केलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, आणि तिच्यासाठी कांदाभजी. कावळ्याचं पान घेऊन मी आणि मुलगा गच्चीवर गेलो. मी मनात जुळवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. या वेळी खोटं बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. म्हणणार होतो, सांभाळायला जमलं नाही. नीट जागा बघून दिलीय, पण आता कोणती तुझी ते मला ओळखू येत नाही. तुला काय करायचं ते कर. कावळा नाही आला तर नाही आला, मुलगा बघेल आणि मग तोच म्हणेल की बाबा, राहा इथेच.

खरं सांगायचं तर मी कावळा येऊ नये असंच म्हणत होतो.

कठड्यावर पान ठेवलं. हात जोडायला अजून वर उचललेही नव्हते, तेवढ्यात आला. कुठून आला कळलं नाही. भजं उचललं, मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं आणि उडाला. मागून दुसरा आला, त्याने वडा नेला.

मुलाचे डोळे भरले. "बघितलंत? बोलायचीसुद्धा गरज पडली नाही. आईचं काही अडकलेलं नाही आता."

"भुकेला होता," मी म्हणालो.

"असू दे ना, बाबा."

तो खाली गेला. मी तिथेच थांबलो. जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं बोललो, रिकाम्या पानासमोर. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

रविवारी विमान आहे. एक बॅग भरून झालीय, तिचा फोटो कपड्यांच्या मध्ये ठेवलाय म्हणजे काच फुटणार नाही. मुलगा म्हणतो, टब भंगारवाल्याला देऊन टाकू. मी म्हटलं, राहू दे, निघायच्या दिवशी बघू. ऊन फार वाढलंय. टबात पाणी भरून ठेवतो, विटांवर बसून कावळे पितात. रोज बदलतो. आज सकाळीही बदललं.